तीनशे दोनमधली शेगडी

रिकाम्या फ्लॅटला एक वास असतो. रंगाचा, सिमेंटचा, महिनोन्महिने न सोडलेल्या नळाचा. हा वास नाकात गेला की गिऱ्हाईक मनानं दारातूनच परत फिरतं. पुढं ते बेडरूम बघतं, कपाटं उघडझाक करतं, 'कळवतो' म्हणतं, ते सगळं रीतीपुरतं. वर्षाराणी मोरबाळेला ही गोष्ट जोतीरामनं धंद्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. जोतीराम म्हणजे कोल्हापुरातला जुना एजंट. पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पुडी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, भांडतोय. तो म्हणायचा, "पोरी, घर बिल्डर इकतो. आपण फकस्त त्यात माणूस दिसंल एवढं बघायचं."

त्यासाठी त्याचा एक तोडगा होता. पार्टी यायच्या आधी अर्धा तास जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे आणि ओट्यावर छोटी शेगडी मांडून आल्याचा चहा टाकायचा. दार उघडल्याबरोबर चहाचा वास आला पाहिजे. मग घर बघायला आलेला माणूस कप हातात घेऊन आपला सोफा कुठं बसेल ते मनात ठरवू लागतो. फक्त एक पथ्य होतं. दूध चहात ओतायचं, एकटं शेगडीवर चढवायचं नाही.

"नव्या घरात पैलं दूध तापतंय ते मालकिणीच्या हातनं," जोतीराम सांगायचा. "उतू जातंय ते तिच्या नावानं. ते आपल्या हातनं झालं, तर घर बुचकळ्यात पडतंय, मालकीण कोण म्हणून."

वर्षाराणी तेव्हा हसली होती. पण पथ्य पाळलं. एवढ्या वर्षांत तिनं कितीतरी लोकांना घरात नेऊन बसवलं, त्यांच्या वास्तुशांतीची जेवणं जेवली, जिलेबी नको नको म्हणत दोनदा घेतली. दूध मात्र ज्याच्या त्याच्या बायकोनंच तापवलं.

तो काळच वेगळा होता. उसाचं रान दिसलं की लोक त्यात प्लॉटचे खांब बघायचे. आज पाया, उद्या बुकिंग. पुण्यामुंबईला गेलेली पोरं आईबापांसाठी म्हणून एक फ्लॅट घेऊन ठेवायची. पेढ्याचा बॉक्स घरात न्यायला वर्षाराणीला लाज वाटायची, इतके पेढे व्हायचे. मग एकेक करून सगळं थंडावलं. बांधणारे बांधतच राहिले आणि घेणारे थांबले. पोरं पुण्यातच हप्ते भरू लागली, आईबापांना तिकडं घेऊन गेली. नदीकडच्या बाजूला पुराचं भय, इकडं कर्जाचं. कळंब्याच्या रस्त्यानं जाताना 'फ्लॅट विकणे आहे'चे बोर्ड दिसतात, त्यावरचे आकडे उन्हानं उडालेत आणि कुणी परत रंगवायला जात नाही. धंद्यातले एकेक जण पांगले. एकानं विम्याचं काम धरलं, एकानं रंकाळ्यावर भेळेची गाडी टाकली आणि तिथंही तो गिऱ्हाइकाला विचारतो, "टू बीएचके बघायचा का?" जोतीराम हे बघायच्या आत गेला. वर्षाराणीला कधी कधी वाटायचं, म्हाताऱ्यानं भाव वर असताना आपला व्यवहार उरकून घेतला.

पूर्वी शेगडी तिच्या गाडीवर असायची. आज या साईटवर, उद्या त्या. पाच किलोचा सिलिंडर, त्यावर बर्नर, सोबत एक पातेलं आणि गाळणी. आता दाखवायला घरं पुष्कळ आणि बघायला माणसं नाहीत म्हटल्यावर शेगडी फिरवायची कुठं? ती हळूहळू एका जागी स्थिरावली. 'सरोवर हाइट्स', कळंबा तळ्याच्या बाजूला, तिसरा मजला, फ्लॅट तीनशे दोन.

तीनशे दोनमध्ये असं काय होतं, हे सांगणं अवघड आहे. तसाच हॉल, तशीच पांढरी फरशी. पण स्वयंपाकघराला खिडकी होती आणि खिडकीत सबंध तळं. ओट्याशी उभं राहिलं की पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरताना दिसायच्या. दुपार उलटली की वारा फिरायचा आणि पाण्याचा थंडावा थेट तोंडावर यायचा. वर्षाराणी चहा टाकायची, पार्टीची वाट बघायची, पार्टी यायची नाही, आणि ती दोन कपांतला एक कप घेऊन खिडकीशी बसायची. हळूहळू तिनं एक चटई आणली. मग चटईवर पाठ टेकायला उशी. मग बाल्कनीत तुळस. प्रत्येक वेळी स्वतःला सांगायची, पार्टीला बरं वाटावं म्हणून.

तिचं स्वतःचं घर मंगळवार पेठेत. घर म्हणजे सासरच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक, आणि ते आक्कांच्या ताब्यात. आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. वाईट बाई नाही, पण हाताला चुलीची सवय लागलेली. वर्षाराणी सकाळी पातेल्याकडं गेली की आक्का मागून म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे वर्षे, दूध मी बघतो. तू जा, तुजी घरं इकायची पडल्यात."

लग्न होऊन आली त्या वर्षापासून दूध आक्काच बघत होत्या. वर्षाराणीचा नवरा, बाळासो, उद्यमनगरातल्या फौंड्रीत होता, आता घरीच असतो, टीव्हीपुढं. तो म्हणायचा, "बरं हाय की. तुला तेवढाच आराम." त्याला काय सांगायचं? सगळ्या कोल्हापूरला घरं दाखवणाऱ्या बाईला एक पातेलं दूध स्वतःच्या मनानं तापवायचं असतं, हे बोलून दाखवायला गेलं की खुळ्यासारखं वाटतं.

आणि मग एप्रिलमध्ये ते झालं.

वडगावची एक पार्टी यायची होती, चारपाच माणसं. तिनं दुधाची मोठी पिशवी आणली. ऐनवेळी फोन आला, "पावणं आल्यात घरात, आमचं जमत न्हाई." पिशवी तशीच राहिली. फ्रीज नाही, उन्हाचा तडाखा असा, की तासाभरात दूध फाटलं असतं. ओतून द्यायला जीव होईना. तिनं ते पातेल्यात ओतलं आणि शेगडीवर चढवलं. 'फक्त तापवतो' म्हणाली, कुणाला कोण जाणे. आणि खिडकीशी उभी राहिली. तळ्यात एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून घोंगडं धूत होती. आपटायची, पिळायची, पुन्हा पसरायची. वर्षाराणी बघत राहिली. चुर्र झालं तेव्हा भानावर आली. दूध बर्नरवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली चाललं होतं.

तिनं झटकन गॅस बंद केला. पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं. ओट्याच्या आणि भिंतीच्या फरशीच्या सांध्यात एक तपकिरी रेघ राहिली ती काही निघेना. खरं म्हणजे तिनं ती फार जोर लावून काढलीही नाही.

त्या दिवसापासून ती तीनशे दोन जरा वेगळ्या रीतीनं दाखवू लागली. खोटं कधी बोलली नाही. जे खरं, तेच सांगायची, फक्त क्रम बदलला. पूर्वी खिडकी आधी दाखवायची, आता म्हणायची, "हॉल पश्चिमेला हाय बरं का, उन्हाळ्यात तापतो." लिफ्ट कधी कधी अडकते हे जिन्यातच सांगून टाकायची. कुणी विचारलं, "मॅडम, कळंबा जेल इथनं जवळ आहे ना?" तर पूर्वी तिचं उत्तर ठरलेलं होतं, "सगळ्यात सुरक्षित बाजू की ही! चोर आत हायत." आता ती नुसतं म्हणायची, "व्हय, हाय जवळ." पार्टी उतरून जायची. बाजार मंदीत होता, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मंदी किती कामाला येते, हे तिला या वयात कळलं.

भाद्रपदात बिल्डर विजयसिंहनं तिला साईटवर बोलावलं. मोठ्या घरचा पोरगा, बोलायला गोड, पण त्याच्याही डोळ्यांखाली आता काळं आलं होतं.

"वर्षाताई, बॅंक मागं लागलीया. तिसरा मजला मी हॉस्टेलला देणार हाय."

"सगळा?"

"सगळा. नर्सिंगच्या पोरी. एकेका फ्लॅटमध्ये आठ कॉट बसत्यात म्हणं. दसऱ्यापर्यंत तीनशे दोन तेवढा तुमच्याकडनं गेला तर गेला. न्हाईतर त्यातबी कॉट."

"हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये, किचनमध्ये, बसंल तिथं. किचनचा ओटा काढतो म्हणत होता हॉस्टेलवाला."

वर्षाराणी जिन्याकडं वळली. वर गेली, खिडकी उघडली. खिडकीला पाठ लावून लोखंडी कॉट आणि त्यावर वाळत घातलेले टॉवेल तिच्या डोळ्यांपुढं आले. इतके दिवस ती स्वतःशी एक खेळ खेळत होती, की घर विकलं गेलं नाही म्हणजे ते आपलंच. आता ते कुणाचंच राहणार नव्हतं. तिनं तुळशीला पाणी घातलं आणि त्याच संध्याकाळी जुन्या नंबरांना फोन लावायला बसली.

तिसऱ्या दिवशी मृत्युंजयचा फोन आला. बंगळुरूला नोकरीत होता, मूळ गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या कडेला. वडील बसलिंगाप्पा दोन वर्षांपूर्वी वारले होते. गावात त्यांचं किराणा दुकान, ते आता बंद. आई एकटी. गावात डॉक्टर नाही, आणि बंगळुरूला यायला आई तयार नाही. "मग कोल्हापूरला तरी, मॅडम. माझी बहीण राजारामपुरीत आहे. शनिवारी येतो, रविवारी परत जायचंय. एकच फ्लॅट दाखवा, पण चांगला दाखवा."

शनिवारी वर्षाराणी तासभर आधी जाऊन बसली. खिडक्या उघडल्या, नळ सोडले. चटई, उशी गुंडाळून शेगडीबरोबर बाथरूमवरच्या माळ्यावर टाकायची म्हणून हातात घेतली, आणि परत ठेवली. चहा तर टाकायला हवाच होता.

मृत्युंजय उंच, गोरा, सारखा मोबाईल बघणारा. त्याच्या मागून जिन्यात थांबत थांबत त्याची आई आली. रत्नव्वा. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीची रेघ, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. वर आल्यावर त्यांनी दाराशीच बैठक मारली.

"बघ जा तू, मृत्युंजया. मी हितंच बसतो. मला काय कळतंय फ्लाटातलं."

"अव्वा, तुझ्यासाठीच घेतोय ना?"

"मी कुटं मागितलंय?"

मृत्युंजय वर्षाराणीकडं बघून कसनुसा हसला आणि फोन आला म्हणून बाल्कनीत गेला. वर्षाराणीनं चहाचा कप रत्नव्वांच्या हातात दिला. त्यांनी कप घेतला, पण लक्ष दुसरीकडंच होतं. नाक किंचित वर करून त्या हवेत काहीतरी शोधत होत्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर वाकल्या. सांध्यातल्या त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हितं दूध उतलंय."

वर्षाराणी पटकन पुढं आली. "पुसलंय, आज्जी. डाग तेवढा ऱ्हायलाय. आम्ही पॉलिश करून देतो."

"डाग कोण इचारतंय. घर नवं म्हणाला की पोरगा. मग कुणी घातलं उतू?"

बाल्कनीतून मृत्युंजयचा इंग्रजी आवाज येत होता. खोटं बोलायला जागा होती. रंगाऱ्यानं चहा केला, वॉचमननं केला, काहीही म्हणता आलं असतं. पण ही बाई दुकानात जन्म काढलेली. तिच्यापुढं वजनात काटा मारून चालणार नव्हतं.

"माज्या हातनं गेलं," वर्षाराणी म्हणाली. "चुकून."

रत्नव्वांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाईमाणसाच्या हातनं दूध चुकून उतू जात न्हाई, तंगी. बघत बसली असशील कुटं तरी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्या हाकेनं वर्षाराणीची नजर खिडकीकडं गेली.

"तळ्याकडं," ती म्हणाली.

"कुटं हाय तळं?"

मग वर्षाराणीनं तीनशे दोन दाखवायला सुरुवात केली. इतके महिने ज्या क्रमानं दाखवायची टाळत होती, त्या क्रमानं. आधी खिडकी. "हितं उभं राहिलं की पलीकडच्या म्हशी दिसत्यात. पाणी गावाच्या पिण्याचं हाय, त्यामुळं लोक वरडत असत्यात, पण म्हशींना कोण सांगणार? दुपारचं तीन वाजलं की वारं फिरतं, मग ही झडप उघडायची आणि हॉलची लावायची. हॉल तापतो, खरं सांगतो, पण पडदा लावला की भागतंय. हितं, या कोपऱ्यात, फरशी गार असती. जेवल्यावर पडायला हीच जागा. फोनला रेंज आत न्हाई मिळत, बाल्कनीत मिळती. पोरानं फोन केला की तिथं जाऊन उभं राहायचं. जेलचे टोले ऐकू येत्यात, घड्याळ लावायची गरज न्हाई. तुळशीला सकाळचं ऊन पुरतंय, संध्याकाळी आत घ्यायची, वारं लई असतंय."

बोलता बोलता तिला कळलं, आपण एकेक खोली हातात घेऊन दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवतोय. पण थांबली नाही.

रत्नव्वा त्या गार कोपऱ्यात बसल्या. हातानं फरशी चाचपली. चटईकडं बघितलं, उशीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पोरानं तिकडं बंगळुराला एक दाखीवलं. चकचकीत. आत पाऊल टाकलं आन् भ्या वाटलं. माणसाचा वासच न्हाई. आमचे हे गेल्यापास्नं घरात तसंच वाटतंय. दुकानाची फळी सकाळी काढायची, कोण न कोण येऊन बसायचं. आता फळी लावलेलीच. बाहेरनं जाणारा जातोय पुढं."

"हितं तरी कोण हाय, आज्जी? सगळी इमारत रिकामी."

"कोण हाय कसं? तू हाईस की."

मृत्युंजय फोन संपवून आत आला तेव्हा त्याची आई त्याला म्हणाली, "हे घे. दुसरं दावू नको." तो बिचारा थक्क झाला. वर्षाराणीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, काय केलंत तुम्ही? दोन वर्षं मी मागं लागलोय." तिनं जोतीरामचा तोडगा सांगितला. "चहा पाजला, बाकी काय."

व्यवहार दसऱ्याच्या आत झाला. विजयसिंहनं पेढे वाटले. कितीतरी दिवसांनी पेढे! वर्षाराणी बॉक्स घेऊन घरी आली, तर आक्का म्हणाल्या, "बाई बाई, इकला गेला व्हय एक तरी? बघू, ह्यात खवा हाय का नुसती साखर." बाळासोनं टीव्हीवरून नजर न काढता दोन तोंडात टाकले. वर्षाराणीनं खाल्ला नाही. चाव्या देऊन टाकल्या, चटई आणि उशी गाडीवर बांधून आणली. तुळस तिथंच ठेवली. शेगडी मात्र बाथरूमवरच्या माळ्यावर टाकली होती, ती तिथंच राहिली. आज नेतो, उद्या नेतो म्हणत राहिली. वास्तुशांतीला जायचंच आहे, तेव्हा गुपचूप घेऊन येऊ, असं ठरवलं.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला तो लाईट जाऊनच. लिफ्ट बंद. पाहुणे जिना चढून धापा टाकत येत होते. आणि खालच्या दाराशी वॉचमन आकाराम प्रत्येकाला समजावत होता, "तीनच मजलं हायत पावणं, काय हिमालय न्हवं." रत्नव्वांची मुलगी सौंदर्या राजारामपुरीहून ताटं, समया घेऊन आली होती. गावाकडचे जंगमस्वामी पाटावर बसले होते. पूजा झाली. स्वामींनी घड्याळ बघितलं.

"दूध ठेवा. वेळ झाली."

मृत्युंजयनं सगळी तयारी केली होती. नवं पातेलं, आणि गॅसचं कनेक्शन अजून मिळालं नाही म्हणून नवीकोरी इंडक्शनची शेगडी. त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्याच्या लक्षात आलं.

"लाईट कधी येईल?"

"दुपारी, म्हणाले," कुणीतरी सांगितलं.

"शेजारून गॅस मागून आणा की," सौंदर्या म्हणाली.

एक पाहुणा शेजारचं दार वाजवायला गेला आणि तसाच परत आला. शेजारच नव्हता. हॉस्टेलच्या पोरी अजून यायच्या होत्या. वर कुलूप, खाली कुलूप. सगळ्या इमारतीत तळमजल्यावर एक बिऱ्हाड, तेही जत्रेला गावी गेलेलं. आकारामला हाक मारली, तर त्याचा डबा घरून यायचा. "सुकी भाजी हाय, घ्या तर घ्या," तो खालून ओरडला. स्वामी घड्याळाकडं वारंवार बघत होते. मृत्युंजयचा चेहरा उतरला. "कॉलनीत कुणाकडं..." म्हणत तो चप्पल शोधू लागला. रत्नव्वा ओट्याशी उभ्या होत्या, पातेल्यावर हात ठेवून. त्यांनी फक्त मान वळवून वर्षाराणीकडं बघितलं.

वर्षाराणी दाराशी, पाहुण्यांच्या मागं उभी होती. तिला वाटलं, गप्प बसावं. वेळ निघून जाऊ दे. दूध दुपारी तापेल, लाईट आल्यावर, आपोआप बंद होणाऱ्या त्या शेगडीवर, जिच्यावर उतू जाणंही धड जमणार नाही. मग या घरात उतू गेलेलं दूध एकच राहील. तिचं. हा विचार तिच्या मनात आला आणि एक श्वासभर टिकलाही.

मग तिनं पदर खोचला. "स्टूल आणा जरा," म्हणाली.

माळ्यावरून शेगडी खाली आली. सौंदर्यानं विचारलं, "ही कुणाची?" वर्षाराणी म्हणाली, "ऑफिसची." काडी ओढली. निळी ज्योत लागली आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. रत्नव्वांनी पातेलं चढवलं. हळद-कुंकू वाहिलं. मग बायकांना मागं सरकायला सांगून वर्षाराणीला खुणेनं जवळ बोलावलं.

"तू हितं ऱ्हा. तुज्या शेगडीचा सोभाव तुलाच ठावं."

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर तळं होतं. पाऊस संपून भरलेलं, काठोकाठ. वर्षाराणीनं तिकडं बघितलं नाही. दुधाकडंच बघत होती. कडेला बारीक बुडबुडे आले, साय थरथरली, मध्ये फुगली आणि वर येऊ लागली. तसा तिचा हात आपसूक पुढं गेला, ज्योत बारीक करायला. जन्मभर परक्या चुलीशी सांभाळून वागलेला हात तो.

रत्नव्वांनी मनगट धरलं. सुरकुतलेली बोटं, पण पकड घट्ट.

"सोड," त्या हळू म्हणाल्या. "जाऊ दे."

दूध वर आलं, काठावर क्षणभर थांबलं आणि चुर्र करून चारी बाजूंनी वाहिलं. त्याच सांध्यात गेलं. जुन्या रेघेवर नवी रेघ. मागं बायकांनी आरोळी दिली, स्वामींनी घंटा वाजवली, मृत्युंजयनं मोबाईलवर फोटो काढला. रत्नव्वांनी मनगट सोडलं नव्हतं. वर्षाराणीचे डोळे भरून आले, तर त्या कानात पुटपुटल्या, "धूर लई हाय न्हवं?" धूर कुठं होता? पण तिनं मान हलवली. "व्हय. लई."

जेवणं झाली, शेवटचा चहाही त्याच शेगडीवर झाला. निघताना वर्षाराणी म्हणाली, "आज्जी, शेगडी तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. गॅस येईपर्यंत."

"नको. पोरगी डबा देती चार दिस. तुजी तू ने." रत्नव्वांनी नव्या कोऱ्या टॉवेलात ती गुंडाळली. बर्नरला चिकटलेलं दूध त्यांनी पुसलं नव्हतं. "तुला लागंल की. तुज्या घरात."

कुठल्या घरात, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

"गुरुवारी ये," रत्नव्वा मागून म्हणाल्या. "वारं कवा फिरतंय, ते मला अजून कळंना."

खाली आकारामनं शेगडी गाडीच्या पायाशी ठेवायला हात लावला. "मॅडम, अजून गरम हाय की ही!"

"ऱ्हाऊ दे. पायाला बरं वाटतंय."

तळ्याच्या वळणावर ती थांबली. मागं वळून तिसरा मजला बघितला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि तिच्यात कुणीतरी उभं होतं. इतक्या लांबून इरकलीचा काठ दिसणं शक्य नव्हतं, पण वर्षाराणीला तो दिसला. आजवर रस्त्यावरून वर बघताना त्या खिडकीत तिला कायम रिकामी जागाच दिसायची, आणि त्या जागेत ती स्वतःला उभी करायची. आता तिथं जागा नव्हती. तिनं बराच वेळ बघितलं.

फोन वाजला. अनोळखी नंबर. जुनी जाहिरात अजून कुठंतरी फिरत असणार.

"नमस्कार. कळंब्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे ना तुमच्याकडं? तळं दिसणारा? तीनशे दोन?"

"न्हाई ओ," वर्षाराणी म्हणाली. "तिथं माणसं राहत्यात."

"अच्छा. दुसरं काही आहे?"

तिनं पायाशी हात नेला. टॉवेलातून ऊब अजून येत होती.

"हाय की, लई हायत. कवा येतासा? निघायच्या आधी फोन तेवढा करा. मी च्या टाकून ठेवतो."